व्हरांड्यातला खोका

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनच्या उपनगरी पट्ट्यात, बर्विन हाइट्स नावाचे तीन-एक हजार वस्तीचे गाव आहे. एवढ्या वस्तीला आपल्याकडे सरपंच असतो, तिथे मेयर असतो. पद अर्धवेळ, पोटापाण्याची नोकरी वेगळी. २००८ साली शाय कॅल्व्हो हे तिथले मेयर होते. वय ३७. दिवसा ते शहरांतल्या गरीब वस्तीच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवणाऱ्या संस्थेत काम करत आणि संध्याकाळी गावच्या बैठकांना जात. घरी पत्नी, सासूबाई आणि दोन काळे लॅब्राडॉर कुत्रे: सात वर्षांचा पेटन आणि चार वर्षांचा चेस.

२९ जुलै २००८ रोजी संध्याकाळी पोलिसांनी या घराचे दार फोडले आणि दोन्ही कुत्रे मारले. घरातल्या कुणीही कसलाच गुन्हा केलेला नव्हता. अमेरिकी पोलिसांच्या गोळीने घरातली कुत्री मरणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. या घटनेचा बोभाटा झाला तो घर मेयरचे होते म्हणून, आणि हे स्वतः कॅल्व्होही मान्य करत आले आहेत. त्या बोभाट्यामुळे एक बरे झाले. त्या संध्याकाळचा जवळजवळ प्रत्येक टप्पा लोकांसमोर आला. तो क्रमाने वाचत गेलो की राग गोळी झाडणाऱ्यावर कमी आणि त्याच्या आधी स्वस्थ बसलेल्यांवर जास्त येतो.

आठ महिने आधी

बर्विन हाइट्स ज्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत येते, त्याच काउंटीत अकोकीक नावाचे ठिकाण आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये शेरीफच्या खात्याचे डेप्युटी तिथे एका घरी धडकले. ज्या घरावर जायचे होते ते दोन घरे पलीकडे होते. चूक उमगेपर्यंत त्या कुटुंबाची पाच वर्षांची बॉक्सर जातीची कुत्री गोळ्या लागून मेली होती.

मुंबईचा शेरीफ म्हणजे समारंभांना हजेरी लावणारा प्रतिष्ठित नागरिक, अशी आपली समजूत. अमेरिकेतला शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याच्या हाताखाली सशस्त्र दल असते आणि सहसा दर चार वर्षांनी तो मते मागायला येतो. या काउंटीच्या शेरीफचे नाव मायकेल जॅक्सन होते. (हो, तेच नाव. माणूस वेगळा.) अकोकीकनंतर या खात्याने कुत्रा असलेल्या घरात कसे शिरायचे याचा विचार केला असता, तर पुढचा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

काही दिवस आधी

लॉस एंजेलिसहून कुरियरने एक खोका निघाला. आत ३२ पौंड, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो मारिजुआना (गांजा). खोक्यावर नाव कॅल्व्होंच्या पत्नीचे आणि पत्ता त्यांच्या घराचा. वाटेत ॲरिझोनात पोलिसांच्या प्रशिक्षित कुत्र्याने तो वासावरून ओळखला. म्हणजे या प्रकरणाची सुरुवातही एका कुत्र्यानेच केली. अशा सरकारी कुत्र्याला अमेरिकेत कायद्याचे भक्कम कवच आहे. केंद्रीय यंत्रणेच्या कामावरचा कुत्रा जाणूनबुजून मारला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा २००० साली झाला.

खोका तिथेच जप्त झाला नाही. मेरीलँडच्या पोलिसांना कळवून तो पुढे जाऊ दिला. पाठवणारा सापडणे अवघड, निदान घेणारा तरी सापडेल, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो एका गृहीतावर उभा होता: खोक्यावर ज्याचे नाव, माल त्याचाच.

मंगळवार, २९ जुलै. दिवसा

काउंटी पोलिसांचा अमली पदार्थ विभाग घराच्या झडतीचे वॉरंट मिळवतो. ते साधे वॉरंट आहे. दार ठोठावायचे, आपण पोलीस आहोत हे सांगायचे, उघडायला वाजवी वेळ द्यायचा, मग आत जायचे. न ठोठावता घुसायला वेगळी परवानगी लागते. मेरीलँडमध्ये २००५ पासून तशी तरतूदही होती. इथे ती मागितलेली नाही.

हा नियम आजकालचा नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की ठोठावून ओळख देणे हा घटनेच्या चौथ्या दुरुस्तीने दिलेल्या संरक्षणाचा भाग आहे. १९९७ मध्ये हेही सांगितले की प्रकरण अमली पदार्थांचे आहे एवढ्याच कारणाने सरसकट सूट मिळणार नाही. पण २००६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की पोलिसांनी हा नियम मोडला तरी सापडलेला पुरावा बाद होणार नाही. नियम राहिला, पण तो मोडला तर खटल्यात पोलिसांचे काही बिघडेनासे झाले.

न ठोठावण्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण असे की आतला माणूस माल संडासात टाकून पाणी सोडेल. साडेचौदा किलो गांजा संडासात टाकायला किती वेळ लागेल, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला असेल असे वाटत नाही.

आणखी एक काम राहून जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडले ते हेच. बर्विन हाइट्सला स्वतःचे छोटे पोलीस खाते आहे. त्याच्या हद्दीत कारवाई करायची तर त्याला कळवायचे, असा काउंटीशी लेखी करार आहे. कुणी कळवत नाही. एक फोन केला असता तर गावच्या पोलीसप्रमुखाने सांगितले असते की हे घर मेयरचे आहे. त्या घरात कोण राहते याची नुसती चौकशी केली असती तरी पुरले असते. पत्ता मेयरचा आहे हे कळायला गुप्तहेर लागत नाही.

गावच्या पोलीसप्रमुखांनी पुढे जाहीरपणे सांगितले की मला विचारले असते तर मी स्वतः जाऊन दार ठोठावले असते.

संध्याकाळ

कुरियरवाल्याच्या वेशातला एक पोलीस खोका घेऊन दारात येतो. घरी सासूबाई एकट्याच. त्यांना वाटते जावयाने किंवा मुलीने काही मागवले असेल. त्या सांगतात, ठेवा तिथेच व्हरांड्यात. खोका तिथे पडून राहतो. आसपास, दिसणार नाहीत अशा बेताने, गाड्यांत माणसे बसून आहेत. कुणीतरी खोका आत नेण्याची ती वाट पाहत आहेत.

कॅल्व्हो कामावरून येतात. रात्री गावात एक बैठक आहे, त्याआधी कुत्र्यांना फिरवून आणायचे आहे. पेटन आणि चेसला घेऊन ते बाहेर पडतात. रस्त्यात थांबलेल्या काही अनोळखी गाड्या त्यांना दिसतात. आत माणसेही दिसतात. मेयरच ते, हात हलवून नमस्कार करतात आणि पुढे जातात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा विनोदी वाटला होता. दुसऱ्यांदा वाचताना तसा वाटला नाही. पहाऱ्यावरच्या माणसांनी त्या वेळी दोन कुत्रे पाहिले. साखळीला बांधलेले, मालकाबरोबर शांतपणे चालणारे दोन लॅब्राडॉर. या घरात कुत्रे आहेत, किती आहेत, कसे आहेत, हे सगळे दार फोडण्याआधी माहीत होते. ती माहिती वापरायचे मार्गही होते: मालक कुत्र्यांसह बाहेर आहे तेव्हाच रस्त्यात त्याला गाठणे, प्राणी नियंत्रण विभागाचा माणूस सोबत घेणे, पकडकाठी आणणे. यातल्या कशालाही बंदुकीपेक्षा जास्त खर्च येत नाही.

फिरून आल्यावर कॅल्व्हो व्हरांड्यातला खोका उचलतात, आत टेबलावर ठेवतात. उघडत नाहीत. बैठकीसाठी कपडे बदलायला वरच्या मजल्यावर जातात. सासूबाई स्वयंपाकघरात टोमॅटो आणि आर्टिचोकचा रस्सा करत आहेत.

सातच्या सुमारास

शेरीफचे स्वॅट, म्हणजे विशेष सशस्त्र, पथक घराकडे धावते. काळे कपडे, तोंडे झाकलेली, हातात बंदुका. तपास काउंटी पोलिसांचा, छापा शेरीफच्या माणसांचा. ही दोन खाती वेगळी आहेत आणि नंतर जबाबदारी टोलवताना या वेगळेपणाचा दोघांनाही उपयोग झाला.

सासूबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावत येणारी बंदूकधारी माणसे दिसतात. त्या किंचाळतात. कोणाही बाईने केले असते तेच.

पुढे अधिकृत खुलासा आला की त्या किंचाळीमुळे आतल्यांना सुगावा लागला, त्यामुळे थांबणे धोक्याचे होते, म्हणून न ठोठावता दार फोडले. हा खुलासा पुन्हा एकदा वाचावा. नियमाप्रमाणे आपण आलो आहोत हे पोलिसांनीच आतल्यांना सांगायचे होते. ते आतल्यांना आपोआप कळले, हेच नियम मोडण्याचे कारण ठरले!

पुढची काही सेकंदे

दार फुटते. पेटन पुढच्या खोलीत आहे. त्याला तिथेच गोळ्या घालतात, सासूबाईंपासून काही पावलांवर. चेस पळतो. कुटुंबाच्या म्हणण्यानुसार तो पळत असताना त्याला मागून गोळ्या लागल्या. डेप्युटींचे म्हणणे, कुत्र्यांपासून धोका वाटला.

'धोका वाटला' या दोन शब्दांवर अशी बहुतेक प्रकरणे मिटतात. वाटणे हे वाटणाऱ्याच्या मनात असते, आणि ते खोडून काढायला दुसरा साक्षीदार सहसा नसतो. अमेरिकी न्यायालयांनी घरचा कुत्रा मारणे ही घटनेच्या अर्थाने 'जप्ती' मानली आहे, आणि अवाजवी जप्तीला मनाई आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने २००५ मध्ये फार उपयोगाचा निकाल दिला. त्या पोलिसांना कुत्रे आहेत हे आधी माहीत होते, तयारीला वेळ होता, तरी गोळीशिवाय दुसरी योजना केली नाही. न्यायालयाने त्यांना खटल्यापासून संरक्षण नाकारले. म्हणजे बर्विन हाइट्सच्या तीन वर्षे आधी, नेमक्या याच चुकीबद्दल, देशातल्या एका वरिष्ठ न्यायालयाने कान टोचले होते. मेरीलँड त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, एवढीच पळवाट.

पुढचे चार तास

कॅल्व्हो वरच्या मजल्यावर अंतर्वस्त्रांत आहेत. हात वर करून, पाठमोरे जिना उतरायला लावतात. खाली गुडघ्यांवर बसवून हात बांधतात. सासूबाईंना आधी स्वयंपाकघरात बंदुकीच्या धाकाने पालथे झोपवतात, मग बांधतात. दोघेही मेलेल्या कुत्र्यांच्या सान्निध्यात, तशाच अवस्थेत बराच वेळ. झडती सुरू होते. पोलिसांच्या बुटांना रक्त लागते आणि ते घरभर उमटते.

कॅल्व्हो सांगत राहतात की मी इथला मेयर आहे. कुणाला पटत नाही. एवढ्यात गावच्या पोलीस खात्याचा एक जवान गडबड पाहून येतो. त्याला सांगतात की आत एक येडा आहे, स्वतःला मेयर म्हणवतो. जवान म्हणतो, तो खरोखरच मेयर आहे. वाड्यावर छापा पडला आणि आत राजाच निघाला, असा हा प्रकार. फरक इतकाच की लोककथेत नंतर सगळे खजील होतात.

इथे कुणी खजील झाले नाही. गावच्या पोलीसप्रमुखांनी फोनवर चौकशी केली तेव्हा त्यांना वेगळीच हकीकत ऐकवण्यात आली: मेयर दाराशी आले, पथक पाहिले आणि दार बंद करू लागले. कॅल्व्हो त्या वेळी वरच्या मजल्यावर होते.

पत्नी कामावरून परतल्या तेव्हा घराभोवती पोलीस होते. खोका टेबलावर जसाच्या तसा, न उघडलेला. घरात दुसरे काही सापडले नाही. त्या रात्री कुणालाही अटक झाली नाही. वॉरंटही त्या संध्याकाळी दाखवले नाही, असे कॅल्व्हो सांगतात.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा

आठवड्याभरात उलगडा होतो. पोलीस दोन माणसांना अटक करतात, त्यातला एक कुरियरचा चालक. पद्धत अशी: ज्यांचा काही संबंध नाही अशा लोकांच्या पत्त्यावर माल पाठवायचा, आणि घरच्यांच्या हाती लागण्याआधी व्हरांड्यातून उचलायचा. अशी अर्धा डझन पार्सले, ४१७ पौंड माल पोलिसांनी पकडला. खोक्यावर ज्याचे नाव, माल त्याचा, हे गृहीत कोसळले.

काउंटीचे पोलीसप्रमुख मेल्विन हाय यांनी कॅल्व्होंकडे खेद व्यक्त केला. माफी मात्र मागितली नाही. खेद हवामानाबद्दलही व्यक्त करता येतो. कॅल्व्होंनी केंद्रीय न्याय खात्याकडे नागरी हक्कांच्या चौकशीची मागणी केली आणि एफबीआयने प्रकरण पाहायला घेतले. शेरीफ जॅक्सन यांच्या खात्याने पुढे आपली चौकशी आपणच केली आणि आपल्या माणसांना निर्दोष ठरवले.

मे २००९

कॅल्व्होंनी काय मागितले, हे मला या सगळ्यात विशेष वाटते. कोणत्याही माणसाने आधी मागितली असती ती शिक्षा. त्यांनी कोर्टात दावा तर लावलाच, पण विधिमंडळात जाऊन मागितली ती मोजणी. राज्यातल्या प्रत्येक स्वॅट पथकाने दर सहा महिन्यांनी कळवायचे: किती छापे घातले, कुठे, कोणत्या कारणाने, काय सापडले, गोळी झाडली का, आणि माणूस किंवा पाळीव प्राणी जखमी झाला वा मेला का. गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांनी मे २००९ मध्ये तशा विधेयकावर सही केली. देशातला असा पहिला कायदा.

मोजणीचे महत्त्व कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. पोलिसांनी मारलेल्या कुत्र्यांची राष्ट्रीय नोंद अमेरिकेत कोणतीही केंद्रीय यंत्रणा ठेवत नाही. न्याय खात्याने २०११ मध्ये कुत्र्यांशी गाठ पडण्याबद्दल पोलिसांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यातच म्हटले आहे की बहुतेक पोलीस खात्यांत गोळीबाराच्या घटनांत प्राण्यांवरच्या, त्यातही कुत्र्यांवरच्या, घटना सर्वाधिक असतात. पोलीस बंदूक चालवतात ती प्रामुख्याने कुणावर, हे ठाऊक आहे, आणि एकूण आकडा कुणाच्याही वहीत नाही.

पहिला अहवाल २००९ च्या उत्तरार्धाचा आला. सहा महिन्यांत राज्यात ८०४ छापे. दिवसाला चारहून जास्त. जवळजवळ सगळे वॉरंट बजावण्यासाठी. ओलीस धरलेली माणसे सोडवणे, बंदूकधाऱ्याला वेढा घालणे, ज्यासाठी ही पथके जन्माला आली, ती कामे मोजकीच. एकट्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १०५ छापे, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक किरकोळ किंवा कमी गंभीर गुन्ह्यांसाठी. कॅल्व्होंच्या घरी जे झाले तो अपवाद नसून रोजचा रिवाज होता, हे त्यांनी आधीपासून सांगितले होते. आता ते सरकारी कागदावर आले.

२०१०

शेरीफ जॅक्सन काउंटी एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे काउंटीच्या प्रशासकीय प्रमुखाच्या, पदासाठी उभे राहिले. प्रचारात या छाप्याचा विषय निघाल्यावर, गरज पडली तर आजही तेच करू, अशा आशयाचे ते बोलले. सप्टेंबरच्या प्राथमिक फेरीत हरले. ज्या जॅक जॉन्सन यांच्या जागेसाठी ही लढत होती, त्यांना नोव्हेंबरमध्ये एफबीआयने लाचखोरीत पकडले. घराच्या दारात एफबीआयवाले उभे असताना त्यांनी पत्नीला फोनवर एक लाख डॉलरचा चेक संडासात टाकायला आणि नोटा अंतर्वस्त्रांत लपवायला सांगितले. फोन टॅप होत होता. संडासात खरोखर पुरावा जाण्याचे काउंटीतले हे प्रकरण, आणि इथे मात्र एफबीआयवाले दार ठोठावत होते.

जानेवारी २०११

कॅल्व्होंचा दावा ज्युरीपुढे उभा राहायच्या वेळी तडजोड झाली. रक्कम उघड केलेली नाही. काउंटीने कार्यपद्धतीत बदल मान्य केले, त्यात प्राण्यांशी कसे वागायचे याचाही समावेश होता. छाप्यातल्या कुणावरही कारवाई झाली नाही.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, कोलोरॅडो राज्याने पोलिसांना कुत्र्यांची देहबोली ओळखायचे आणि बंदुकीआधीचे उपाय वापरायचे प्रशिक्षण सक्तीचे केले. भुंकणारा प्रत्येक कुत्रा चावायला येत नाही, हे पोस्टमन आणि मीटर वाचणारे जाणतात. त्यांनाही रोज अनोळखी अंगणांत शिरावे लागते, आणि त्यांच्याकडे बंदूक नसते.

उलट दिशेलाही गाडी गेली. २०१६ मध्ये मिशिगनच्या एका छाप्यातल्या कुत्र्यांच्या प्रकरणात दुसऱ्या एका केंद्रीय अपील न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. एक कुत्रा किंचित पुढे सरकला होता, दुसरा तळघरात उभा राहून भुंकत होता. तेवढे पुरले.

त्यानंतर

मेरीलँडचा मोजणीचा कायदा मुदतीचा होता. २०१४ मध्ये मुदत संपली, आणि त्याबरोबर छाप्यांचे आकडे कळवणेही संपले. मायकेल जॅक्सन पुढे राज्य विधिमंडळात निवडून गेले. त्यांच्या जागी शेरीफ म्हणून २०१० च्या निवडणुकीत लोकांनी ज्यांना निवडले ते मेल्विन हाय, छाप्याच्या वेळचे काउंटी पोलीसप्रमुख. २०२२ पर्यंत तेच शेरीफ होते.